सूज बंद करायचं बटण आणि शेजारची जाहिरात

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या आरोग्य पुरवणीत संधिवातावरचा मजकूर आला होता. पेशीवरचं ‘पी-टू-एक्स-सेव्हन’ नावाचं बटण शास्त्रज्ञांना नुकतंच सापडलं असून ते बंद केलं की सूज मुळापासून जाते, असा त्याचा एकंदर सूर. खालीच ‘मुळापासून सूज घालवणाऱ्या’ चूर्णाची जाहिरात. मी आयुष्यभर नागपुरात लोकांचे ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या, तपासत आलो. डॉक्टर नाही, पण या बटणाबद्दल थोडं वाचलं आहे, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, हे बटण नवं नाही. त्याचं जनुक १९९६ मध्येच वेगळं करून ओळखलं गेलं. मुळात ते बटण नसून दार आहे, आणि ते उघडतं एटीपीनं. एटीपी म्हणजे पेशीचं रोजच्या खर्चाचं चलन. ते पेशीच्या आत असतं, बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त. इतवारीतल्या सराफ्यात सकाळी रस्त्यावर दागिने विखुरलेले दिसले, तर दुकान फुटलं हे कोणालाही कळेल. शरीराचंही तसंच. बाहेर एटीपी सांडलेलं दिसलं, म्हणजे बहुधा कुठली तरी पेशी फुटली किंवा जखमी झाली. याच कुळातली बाकीची दारं थोड्याशा एटीपीनंही उघडतात; या दाराला मात्र भरपूर लागतं. म्हणजे किरकोळ खरचटण्यावर हा चौकीदार शिट्टी फुंकत नाही.

दार उघडलं की सोडियम आणि कॅल्शियम आत शिरतात, पोटॅशियम बाहेर पडतं. पोटॅशियम घसरलं की मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीच्या आत एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा जुळते आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाह पेटवणारं प्रथिन तयार होऊन बाहेर पडतं. ताप, लाली, ठणका यांत याचा मोठा वाटा. मेंदूतल्या मायक्रोग्लिया या राखणदार पेशींवरही हेच दार असतं. म्हणून मेंदूच्या आजारांच्या संशोधनात त्याचं नाव येतं.

‘नुकतंच सापडलं’ हे सोडलं, तर इथवर आपला मजकूर साधारण बरोबर होता. पुढचं मात्र वाचकांना सांगितलंच नाही. दार बंद करणारी औषधं बनली आणि माणसांवर तपासलीही गेली. अ‍ॅस्ट्राझेनेका आणि फायझर या दोन्ही कंपन्यांच्या गोळ्या संधिवाताच्या रुग्णांना देऊन पाहिल्या. २०१२ साली निकाल छापून आले: दिखाऊ गोळीपेक्षा फायदा नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरात सांधे सुधारतात आणि माणसात नाही, हे या धंद्यात नेहमीचंच. पण मग मथळा तरी जरा बेतानं द्यायचा होता.

दुसरं, हे दार कोणी उगाच बसवलेलं नाही. क्षयाचे जंतू मॅक्रोफेजमध्ये घर करून बसतात. अशा पेशीला बाहेरून एटीपी मिळालं, तर ती याच दारामार्गे स्वतः मरते आणि आतल्या जंतूंनाही मारते, हे १९९७ मध्ये क्षयाच्याच कुळातल्या, बीसीजी लसीतल्या जंतूंवर दाखवलं गेलं. या जनुकाच्या काही प्रकारांत दार नीट उघडत नाही, आणि त्यांचा क्षयाशी संबंध काही अभ्यासांत आढळला आहे. त्या गोळ्यांनी क्षय झाला असं मी म्हणत नाही. पण मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बाहेर थुंकीच्या डब्या घेऊन उभी असलेली माणसं ज्या शहरात रोज दिसतात, तिथं ‘सूज म्हणजे शत्रू’ एवढंच छापून कसं चालेल?

आता घरचं. आमच्या सौ.ना आठ वर्षांपासून संधिवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी, बरं चाललं होतं. आपलं पान वाचून त्यांनी गोळी सोडली आणि चूर्ण मागवलं. मी हटकलं तर म्हणाल्या, “पेपरात आलं आहे नं, खोटं कसं राहीन?” तीन आठवड्यांत बोटं अशी सुजली की पोळी लाटता येईना.

गंमत अशी की ही जुनी, स्वस्त गोळी याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला काम करते. सांडलेल्या एटीपीचे फॉस्फेट पेशीवरची एन्झाइम्स छाटत जातात आणि शेवटी अ‍ॅडेनोसिन उरतं. ते दाह शांत करतं. कमी मात्रेतलं मेथोट्रेक्सेट हे अ‍ॅडेनोसिन वाढवतं, आणि त्याच्या गुणाचा बराच भाग त्यात आहे असं मानलं जातं. आणखी एक योग पाहा. १९२९ मध्ये एटीपी ओळखणाऱ्यांत आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, आणि पुढं मेथोट्रेक्सेट ज्या लेडर्ली कंपनीत तयार झालं, तिथले संशोधनप्रमुखही तेच. पुरवणीत अर्धं पान त्यांना दिलं असतं तर मी कात्रण काढून ठेवलं असतं.

सौ.ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं पुन्हा सुरू झाली आहे. माझी विनंती एवढीच की २०१२ चे निकाल त्याच पुरवणीत, त्याच आकाराच्या मथळ्याखाली छापावेत. चूर्णाचा डबा मी फेकलेला नाही. त्यात स्टेरॉइड आहे का, हे आपल्याला तपासून घ्यायचं असेल, तर आणून देतो.

आपला नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
महाल, नागपूर