बाबासाहेबांचे मूळ कागद कधी पाहायला मिळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या शासकीय खंडांसाठी रांग लागते आणि हवा असलेला खंड नेमका संपलेला असतो. छपाई रखडल्याची दखल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली होती, त्यामुळे ते रडगाणे पुन्हा गात नाही. पण हे खंड ज्या कागदांवरून तयार झाले, त्या कागदांची विचारपूस कुणीच करत नाही.

१९५६ मध्ये बाबासाहेब गेले आणि कागदपत्रांच्या पेट्या कोर्टाच्या ताब्यात गेल्या. पुढे त्या महाराष्ट्राच्या महाप्रशासकांकडे (मृतांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) आल्या आणि तिथेच पडून राहिल्या. शासन छापत नसेल तर आम्हाला छापू द्या, म्हणून नागपूरच्या एका वकिलांना हायकोर्टात जावे लागले. १९७६ मध्ये प्रकाशन समिती नेमली गेली, १९७९ मध्ये पहिला खंड निघाला. तोवर २३ वर्षे उलटली होती. खंडांचे संपादक वसंत मून यांनी त्या बाडांतून जे उभे केले त्याला तोड नाही. टंकलिखित सुटी पाने, त्यावर बाबासाहेबांच्या हातच्या दुरुस्त्या, अवतरणासाठी सोडलेली कोरी जागा, मधलीच गायब प्रकरणे, हे सगळे जुळवून त्यांनी मजकूर लावला. तिसऱ्या खंडातले क्रांती-प्रतिक्रांतीवरचे लेखन किती अपुरे हाती आले, हे संपादकांनी तिथेच सांगून टाकले आहे.

पण कोणते पान कशानंतर लावायचे हा निर्णय संपादकांचा. १९८७ मध्ये चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, आला आणि राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून महाराष्ट्र पेटला. मोर्चे निघाले, प्रतिमोर्चे निघाले, शेवटी ‘शासन या मतांशी सहमत नाही’ अशी तळटीप घालून प्रकरण मिटले. (लेखकाच्या मताशी सहमत नसल्याचे प्रकाशकाने त्याच पुस्तकात छापावे, हा प्रकार मला अजूनही गमतीचा वाटतो.) त्या धुमाळीत मूळ पाने कुणी पाहिली होती? ते परिशिष्ट बाडात कुठे होते, त्यावर दुरुस्त्या होत्या का, हे ज्याला तपासायचे असेल त्याला आजही छापील खंडावरच थांबावे लागते. माझा मूनांवर भरवसा आहे; पण पुढच्या पिढीलाही तो डोळे झाकून ठेवायला का लावायचा?

गांधीजींचे शंभर खंड २०१३ पासून संकेतस्थळावर आहेत, कुणीही घरबसल्या पाहू शकतो. बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातल्या दुरुस्त्यांसकट प्रत्येक पान तसेच स्कॅन करून खुले करायला आता काय अडचण आहे? खर्च म्हणावा तर एखाद्या स्मारकाच्या कोनशिला समारंभाच्या मांडवाइतका होईल.

दुसरा मुद्दा पक्षाच्या कागदांचा. १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष आणि १९४२ चे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन चालले ते गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणाऱ्या माणसांच्या आणे-दोन आण्यांच्या वर्गणीवर. त्या पावत्या, हँडबिले, बाबासाहेबांच्या ‘जनता’ साप्ताहिकाचे अंक, शाखांच्या हजेरीवह्या कुठल्याच सरकारी पेटीत जाणार नव्हत्या, त्या राहिल्या कार्यकर्त्यांच्या ट्रंकांत. इथे नायगावला बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. खोल्या रिकाम्या होताना माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, भांडी टेम्पोत जातात आणि कागद रद्दीवाल्याकडे. वर्गणीची एक वही मी अशीच उचलून आणली: शाईने लिहिलेली नावे, पुढे खोली नंबर, शेवटच्या रकान्यात सहीऐवजी अंगठेच जास्त. अशा आणखी किती वह्या किलोवर गेल्या असतील, देव जाणे.

तेव्हा शासनाने दोनच गोष्टी कराव्यात. ताब्यातल्या मूळ कागदांची पेटीवार यादी जाहीर करावी. आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या संक्रमण शिबिरांत एकेक टेबल मांडून लोकांच्या घरचे कागद स्कॅन करून तिथल्या तिथे परत द्यावेत. मूळ प्रत मागू नये, कारण ती एकदा सरकारदरबारी गेली की परत येत नाही हे लोकांना ठाऊक आहे. टेबल मांडले, तर पहिली वही माझी.

आपला,
एक वाचक, नायगाव, मुंबई