फाइल सर्व्हरची मांडणी कोटेशनप्रमाणे नसल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, सेवा विभाग

विषय : डिस्क बदलून झेडएफएस पूल (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेली साठवण) नव्याने बांधून देणे

महोदय,
स.न.वि.वि.

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर येथील आमच्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामासाठीचे नमुने बनवतात तिथे) आपण डेबियन या लिनक्सवर फाइल सर्व्हर बसवून दिला. कोटेशनमध्ये ४ टीबीच्या ४ सीएमआर डिस्क (ट्रॅक शेजारी-शेजारी, एकमेकांवर न चढलेले) आणि रेडझेड२, म्हणजे एकाच वेळी २ डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत, असे स्पष्ट लिहिले आहे. तशी मांडणी असती तर सुमारे ७ टीआयबी (१०२४ च्या हिशेबातली टीबी) जागा दिसायला हवी होती. दिसते १० च्या वर. जादा जागा मिळाली म्हणून खूश व्हावे असे यात काही नाही. पूल रेडझेड१ आहे, म्हणजे एकच डिस्क गेलेली चालते, एवढाच त्याचा अर्थ. रेडझेड१ चे रेडझेड२ जागच्या जागी करता येत नाही.

स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणाऱ्या आज्ञेने मॉडेल क्रमांक तपासले असता ४ पैकी २ डिस्क डेस्कटॉपच्या एसएमआर जातीच्या निघाल्या. यांत ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. थोडासा भाग बदलायचा तरी पूर्ण पट्टा पुन्हा लिहावा लागतो. किरकोळ कामात हे जाणवत नाही, कारण आधी कॅशे, म्हणजे डिस्कमधली तात्पुरती जागा, भरते. ती भरली की वेग कोसळतो. रिसिल्व्हरिंगमध्ये, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरताना, तर तासन्‌तास सलग लेखन चालते. डिस्क वेळेत उत्तर देत नाही आणि झेडएफएस तिला नादुरुस्त ठरवून बाहेर काढू शकते. एक डिस्क आधीच गेलेली असताना रेडझेड१ मध्ये असे झाले, तर पूलच संपला.

झेडपूल गेट या आज्ञेने ॲशिफ्ट (लेखनाच्या सेक्टरचा आकार ठरवणारा आकडा; ९ म्हणजे ५१२ बाइट, १२ म्हणजे ४०९६) ० दाखवले, पण त्यावर विसंबू नये, ती फक्त 'आपोआप ठरव' अशी सूचना असते. झेडडीबी -सी ने खरा आकडा दिसतो, तो ९ आहे. म्हणजे ४०९६ बाइटच्या सेक्टरवर ५१२ च्या हिशेबाने लेखन चालू आहे. हे पूल बांधताना एकदाच ठरते. पॅटर्नला आकुंचनाची सूट द्यायची राहिली तर ओतकामानंतर कानस मारून भागत नाही, तसेच हे.

सर्व्हर हळू चालतो अशी तोंडी तक्रार केल्यावर आपल्या तंत्रज्ञांनी सिंक (डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबण्याची सेटिंग) 'डिसेबल्ड' केले. दुखणे तसेच राहिले, फक्त कण्हणे बंद झाले. आता डिस्कवर न पोचलेला डेटाही 'लिहिला' म्हणून कळवला जातो. लाईट गेली की शेवटच्या ५ सेकंदांच्या आसपासचे काम जाऊ शकते, आणि पावसाळ्यात इथे लाईट किती वेळा जाते हे आपल्याला सांगायला नको. कोटेशनमधल्या यूपीएसला नट (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) जोडलेले नाही, त्यामुळे बॅटरी संपताना सर्व्हर स्वतःहून बंद होत नाही.

सांबामध्ये (विंडोज संगणकांना फाइल देणारा प्रोग्राम) गेस्ट, म्हणजे पासवर्डशिवाय प्रवेश, खुले, फोल्डरला ७७७, म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या, आणि किमान प्रोटोकॉल एनटी१, म्हणजे जुना एसएमबी१. सांबाने ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, एसएमबी१ मुळातच बंद ठेवले आहे. ते मुद्दाम उघडायचे कारण कळवावे.

मागणी अशी : दोन्ही एसएमआर डिस्क बदलून द्याव्यात. पूल मोडण्यापूर्वी स्क्रब (सगळ्या डेटाची तपासणी) करून, स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेऊन डेटा वेगळ्या डिस्कवर झेडएफएस सेंड -आर ने न्यावा. -आर बरोबर प्रॉपर्टीही जातात, म्हणून सिंक आधी 'स्टँडर्ड' करावे, नाहीतर हा दोष नव्या पुलातही येईल. डेटा सध्या २.६ टीबी आहे, ४ टीबीची एक डिस्क पुरते. नेलेल्या प्रतीवरही स्क्रब करून मगच जुना पूल मोडावा. नवा पूल रेडझेड२, ॲशिफ्ट १२, आणि डिस्क एसडीबी-एसडीसी अशा नावांनी न जोडता बाय-आयडीने (मॉडेल व अनुक्रमांक असलेल्या नावाने), म्हणजे खराब डिस्क काढताना अनुक्रमांक जुळवता येतो. सांबात एक गट, फोल्डरला २७७० (म्हणजे फक्त मालक व गटाला प्रवेश, नव्या फाइलीही त्याच गटाच्या), क्रिएट मास्क ०६६०, डिरेक्टरी मास्क २७७०. प्रत्येक माणसाचे खाते एसएमबीपासडब्ल्यूडी -ए ने वेगळे उघडावे, लिनक्सचा पासवर्ड सांबाला आपोआप लागू होत नाही.

डेबियन आणि झेडएफएस दोन्ही फुकट मिळतात. आम्ही पैसे दिले ते डिस्कचे आणि मांडणीचे, आणि चुकले आहे तेच. १५ दिवसांत काम न झाल्यास दोन्ही डिस्कची किंमत व मांडणीचे शुल्क परत करावे. कोटेशन, बिल, स्मार्टसीटीएल व झेडडीबीचे आउटपुट सोबत जोडले आहे.

कळावे,
कार्यालय प्रमुख
पॅटर्न शॉप, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर