काकांच्या डोळ्यावरचं जेल

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू चिडून विचारलंस, "मार डोक्याला लागलाय आणि हे लोक बाबांच्या डोळ्याची सोनोग्राफी कसली करतायत?" तेव्हा माझा राउंड चालू होता. आज नाइट आहे, आयसीयू शांत आहे (आमच्यात हे मोठ्यानं बोलायचं नसतं), म्हणून निवांत लिहितोय.

कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. एक वाढलं की बाकीच्यांना सरकावं लागतं, आणि सरकायला जागा उरली नाही की दाब भराभर चढतो. मोठ्या माणसात तो साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा असतो. २२ च्या वर टिकला की आमची धावपळ सुरू. तो नेमका मोजायचा तर कवटीला भोक पाडून मेंदूच्या पोकळीत नळी घालावी लागते. त्या नळीतून जास्तीचं पाणीही काढता येतं, म्हणून तिला तोड नाही. पण काकांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या ना? नळी घालताना आतच रक्तस्राव झाला तर काय घ्या! शिवाय जंतुसंसर्गाची भीती असतेच.

म्हणून डोळा. डोळ्याची नस हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग. मेंदूची आवरणं तिच्यावरही मोज्यासारखी चढलेली असतात आणि मोज्यात तेच पाणी खेळतं. आतला दाब वाढला की मोजा फुगतो. मिटल्या पापणीवर जेल लावायचं, सोनोग्राफीचा प्रोब (हातात धरायचा भाग) अलगद टेकवायचा आणि डोळ्याच्या गोळ्यामागे ३ मिलिमीटरवर मोज्याची रुंदी घ्यायची. मशीनची पॉवर कमी ठेवतात, डोळ्याला इजा होत नाही.

आता आतली गोष्ट. 'फुगलाय' म्हणायची रेघ कुणी ५ मिलिमीटरवर ओढतं, कुणी ६ वर. सगळा खेळ त्या एका मिलिमीटरचा! शिकत होतो तेव्हा नसेच्या कडेची काळी सावली मी मोजाच समजलो आणि रात्री दोनला सगळ्यांना उठवलं. डोक्याचा सीटी स्कॅन केला, तो अगदी स्वच्छ. सरांनी एवढंच विचारलं, "संध्याकाळी किती होतं?" मी संध्याकाळी मोजलंच नव्हतं.

तेव्हा उद्या डॉक्टरांना "आकडा किती" एवढंच विचारू नकोस. कालच्यापेक्षा वाढलाय का, मोजणारा हात तोच आहे का, डोळ्यांच्या बाहुल्या कशा आहेत आणि सीटी काय म्हणतो, हे विचार. कानशिलावर प्रोब ठेवून रक्ताचा वेग बघणारा डॉपलरही करतील कदाचित. पण वयस्कर माणसांचं हाड जाड असलं की त्यात काहीच दिसत नाही. तसं झालं तर घाबरू नकोस.

आणि काकूंना सांग, मायेनं उशी सरकवू नका. पलंगाचं डोकं ३० अंश वर आणि मान सरळ, असंच राहू दे; मान वळली की डोक्यातलं रक्त खाली उतरायला अडतं. जेल वाळून पापण्या चिकटतात, ते सिस्टरकडून ओल्या कापसानं पुसून घे.

शनिवारी ड्युटी संपली की थेट तिकडेच येतो. डबा आणू का?

तुझा,
डॉक्टर (अजूनही तुझे चाळीस रुपये देणं असलेला)