पाडव्याच्या दिवशी मी पाण्यावर असेन

हंट्सविल, आलाबामा

ती. बाबा आणि आई यांना सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आईने "बरं, बरं" म्हणत फोन बाबांच्या हातात दिला असता आणि बाबांना नेमकं तेव्हाच नीट ऐकू आलं नसतं. म्हणून लिहितेय. यंदा दिवाळीला मी येत नाही. आमची कयाकवरून मासे धरायची हंगामातली शेवटची स्पर्धा शनिवार-रविवारी, म्हणजे बरोबर पाडवा आणि भाऊबीज धरून आली आहे. नाव दिलंय, फी भरलीय, रजाही टाकलीय.

आता आई, चष्मा काढून ठेवू नको, पुढचं वाच. शेवटच्या स्पर्धेला कुणीही उठून जाऊ शकत नाही. मार्चपासूनच्या स्पर्धांमधून जे वर येतात त्यांनाच बोलावतात, आणि त्यात माझा नंबर लागेल असं मलाच वाटलं नव्हतं. शिवाय माझी मोठी रजा जूनमध्ये बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी झाली. (हे ऐकवायचं म्हणून लिहीत नाही. ती रजा सत्कारणीच लागली.) दिवाळीतली तिकिटं किती महाग असतात ते दादाला विचारा. आणि चार दिवसांसाठी येऊन, त्यातले दोन जेटलॅगमध्ये झोपून, मी तुमच्या काय कामी येणार होते? इतकी कारणं देतेय म्हणजे मनात काय चाललंय ते तुम्हाला कळलंच असेल.

त्याऐवजी आंगणेवाडीच्या जत्रेला येते, चांगली तीन आठवडे. देवीचा कौल होऊन तारीख ठरली की त्याच दिवशी फोन करा, मी लगेच तिकीट काढते. गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरेन. घ्यायला बाबांनी गाडी घेऊन यायचं नाही, मी भाड्याची करेन.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतंत, बक्षीस वजनावर की नगावर. दोन्हीवर नाही, लांबीवर. मोटारबोटवाल्यांच्या स्पर्धेत मासे बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवून संध्याकाळी वजन करतात. आमच्या कयाकला, पायाने चालवायच्या त्या छोट्या होडीला, कुठली टाकी! म्हणून मासा धरायचा, मोजायच्या फळीवर आडवा ठेवायचा, तोंड डावीकडे, मिटलेलं आणि फळीच्या कडेला टेकलेलं, शेजारी त्या दिवशीचा कोड लिहिलेलं कार्ड, आणि फोटो काढून मासा परत पाण्यात. फोटो ॲपवर गेला की पंच लांबी पाव इंचापर्यंत मोजतात, वरचं सोडून देतात. दिवसातले सगळ्यात लांब पाच मासे हिशेबात धरायचे, त्यांची बेरीज. नव्वद इंचांच्या वर गेली तर मी तरी त्याला चांगला दिवस म्हणते. फोटोच्या आधी मासा हातातून निसटला तर काही नाही, उरते ती फक्त गोष्ट. माझे हात अजून थरथरतात. म्हणून मी आधी फळी ओली करते, मासा जाळ्यातच पाण्यात थोडा शांत होऊ देते, फोन तयार ठेवते आणि मगच उचलते. ओल्या फळीवर त्याच्या अंगाचा बुळबुळीत थर निघत नाही आणि तो तडफडतही कमी.

आई म्हणालीच होती, "सोडूचो होतो तर धरलंस कित्याक?" याला माझ्याकडे उत्तर नाही. तिकल्याच्या लायकीचा मासा परत पाण्यात सोडताना मलाही तिरफळांचा वास येतो. जगातला सगळ्यात मोठा लार्जमाउथ बास (आम्ही धरतो तो मासा) 1932 मध्ये शेजारच्या जॉर्जिया राज्यात धरला होता, 22 पौंड 4 औंसांचा, आणि तो त्या माणसाच्या घरच्यांनी खाल्ला. आईला तो माणूस आवडेल. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात एकाने त्याची बरोबरी केली, पण पुढे अजून कुणी गेलेलं नाही. 22 पौंड म्हणजे दहा किलोच्या आसपास. तेव्हा बाबा, तुमचा तो बारा किलोचा चोणक (दर दिवाळीला अर्धा किलो वाढतो तो) अजूनही वरचढच आहे.

स्पर्धा गंटर्सविल तलावावर आहे, माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर. टेनेसी नदीवर 1939 मध्ये धरण झालं तेव्हाचा हा तलाव, या राज्यातला सगळ्यात मोठा. लांबी साधारण 75 मैल. मालवणहून समुद्रातून रत्नागिरी गाठावी एवढा. मोटारबोटींची सगळ्यात मानाची स्पर्धा, बासमास्टर क्लासिक, इथे 1976, 2014 आणि 2020 अशी तीनदा झाली. ते लोक सकाळी या टोकाला तर दुपारी त्या टोकाला. आम्ही पाय मारत जाणारे, त्यामुळे एकच खाडी धरायची आणि दिवस तिथेच काढायचा. खाडी चुकली की दिवस गेला. सगळं डोकं सध्या त्यातच अडकलंय.

नोव्हेंबरात पाणी थंड व्हायला लागलं की शॅड नावाची बारीक मासळी, आपल्या पेडव्याच्या जातकुळीतली, थव्याथव्यांनी खाड्यांच्या आतल्या टोकाकडे सरकते आणि बास तिच्या मागे. माझं मन नॉर्थ सॉटी नावाच्या खाडीवर आहे. तिथे पाण्यावर गवताची सतरंजी पसरलेली असते. त्यातलं हायड्रिला मूळचं आपल्या बाजूचं, इथे येऊन माजलंय. मोटारबोटी त्यात घुसायला नाखूष असतात, कयाक जाते. माझ्या पेडलची पातीसुद्धा गवतात अडकतात, मग पेडल वर ओढून घ्यायचं आणि वल्हं मारायचं. शनिवारी तिथे गळाला आमिष म्हणून रबरी बेडूक लावून ओढत बसणार. आणि थंडीची लाट येऊन आभाळ स्वच्छ निळं झालं तर मासा गवताखाली दडून बसतो, तोंड उघडत नाही. तसं झालं तर रविवारी पुलाच्या दगडी बांधाला. धरणातून पाणी सोडलं की तिथे ओढ लागते आणि मासे दगडांच्या आडोशाला येऊन उभे राहतात.

बेडकाचं असं आहे बाबा, की बास गवत फोडून फाडकन वर येतो आणि आपण दचकून लगेच गळ ओढतो. बेडूक रिकामा परत. तो तोंडात घेऊन वळेपर्यंत थांबावं लागतं. इथे लोक हे शिकायला व्हिडिओ बघतात. कर्लीच्या खाडीवर गरवायला जाताना तुम्ही माझ्या बोटावर दोरी द्यायचात, सुंगटाचं (कोळंबीचं) आमिष लावून, आणि ओढ लागली की माझा हात दाबून धरायचात. "थांब. थांब गो. तोंड फिरवू दे त्याका." मी रडकुंडीला यायचे, आणि मग "आता!" माझ्याहून किती तरी वर्षं जास्त खेळलेल्या लोकांचे मासे या एका जागी सुटतात, माझे कमी सुटतात. घरी येऊन खवलं काढताना आई मला ओरडायची आणि डोक्याचा तुकडा मात्र माझ्याच ताटात वाढायची.

आता आईसाठी. धाकट्या काकांचं झाल्यापासून तू पाण्याचा विषय निघाला की उठून आत जातेस, मला माहीत आहे. म्हणून नीट लिहिते. लाइफ जॅकेट पाण्यावर असेपर्यंत अंगावरून काढायचंच नाही, हा स्पर्धेचा नियम आहे, काढलं तर बाद करतात. शिट्टी गळ्यात असते. उजाडायच्या आधी निघतो तेव्हा मागे काठीवर पांढरा दिवा लावलेला असतो. माझी कयाक रुंद आहे, मी तिच्यात उभी राहून गळ टाकते, तरी डुगडुगत नाही. मोठे मालवाहू बार्ज नदीच्या मुख्य पात्रातून जातात, मी तिकडे फिरकतसुद्धा नाही. वारा सुटला की काठ धरून राहते. मी कुठे आहे ते तुमच्या जावयांना फोनवर सतत दिसतं. ते दोन्ही दिवस किनाऱ्यावर थर्मास आणि कोरडे कपडे घेऊन बसणार आहेत. थालीपीठं मी आदल्या रात्री लावून ठेवीन, तेव्हा उपाशी राहीन ही काळजी नको. गरम मोजे घेतलेत. कानटोपीही, तुझी विणलेली, निळी.

चावदिसाला (नरकचतुर्दशीला) मी तुमच्याबरोबरच आहे. तुमची गुरुवारची पहाट म्हणजे माझी बुधवारची संध्याकाळ. बाबांनी कारीट फोडायच्या आधी व्हिडिओ कॉल लावायचा, फोडून झाल्यावर नाही. पोहे सगळ्या प्रकारचे दाखवायचे. शनिवारी मात्र माझ्या फोनसाठी जागू नका, इथली दुपार होईपर्यंत तुमची मध्यरात्र उलटलेली असेल. रविवारी पहाटे इथली घड्याळं एक तास मागे जातात, मग फरक साडेअकरा तासांचा. फोन आला नाही म्हणून घाबरायचं नाही, हिशेब चुकला असं समजायचं. दादाला म्हणावं, ओवाळणी माफ नाही, पाठवून दे.

आणि ऐका. आकाशकंदील लावायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. दादा येईपर्यंत कंदील खाली राहिला तर दिवाळी अडत नाही. फटाक्यांच्या धुरात डोळ्यांना चष्मा, थेंब वेळेवर. बीपीच्या गोळ्यांची डबी मी वारांची आणून दिलीय, तिच्यात खिळे ठेवलेले मला व्हिडिओत दिसलेत. आई, गुडघा धरून करंज्या लाटत बसू नको, यंदा फराळ बचतगटाकडून घे. चकल्या त्यांच्या तुझ्यासारख्या नसतात हे मान्य, पण एक वर्ष चालवून घे. काकीला एक डबा नक्की दे, आणि मी पाठवला म्हणून सांग.

निकाल काहीही लागला तरी रविवारी, तुमच्या सोमवारी सकाळी, चहाच्या वेळेला फोन करते.

तुमची,
बाय

ता. क. बाबा, माळ्यावरची तुमची जुनी शिशाची वजनं टाकून देऊ नका. जत्रेला आले की एक दिवस खाडीवर जाऊ. मात्र होडीत जॅकेट तुम्हीही घालायचं, मी दोन आणणार आहे. आईला हे आत्ताच सांगू नका.