घट्ट चिकटणं पुरत नाही

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की आरएनएवर (जनुकातला मजकूर उतरवलेल्या प्रतीवर) बसणारं औषध पेशीतल्या एवढ्या गर्दीत आपलाच आरएनए कसा शोधतं, आणि जितकं घट्ट चिकटेल तितकं ते चांगलं, असंच ना? फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आहे. माझं सगळं काम त्या ‘नाही’पाशीच चालतं.

तुमच्या दुकानात ज्यांचं बाळ एसएमएने (स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराने) आजारी आहे ते गृहस्थ येतात, त्यांचंच औषध घेऊ : नुसिनर्सेन. (लोक वर्गणी काढतात ते १६ कोटींचं इंजेक्शन वेगळं, त्यातून जनुकच पुरवतात.) या मुलांचं एसएमएन१ जनुक निकामी असतं. जवळजवळ तसंच एसएमएन२ शाबूत असतं, पण त्यातल्या एका अक्षराच्या फरकामुळे आरएनए जोडताना सातवा तुकडा बहुतेक वेळा गळतो आणि बनलेलं प्रथिन टिकत नाही. त्या तुकड्याच्या लगेच पुढे एक छोटी जागा आहे. तिथे बसणारी प्रथिनं तो तुकडा गाळायला भाग पाडतात. ही जागा इथेच, वूस्टरमध्ये, रवींद्र सिंग यांच्या गटाने शोधली आणि २००६ मध्ये जाहीर केली. नुसिनर्सेन म्हणजे आरएनएच्याच भाषेतली १८ अक्षरांची छोटी ओळ. तिची अक्षरं समोरच्या अक्षरांशी जुळतात आणि नेमकी तिथे बसून ती जागा अडवतात. मग सातवा तुकडा आत राहतो. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

आता १८च का? अक्षरं चारच, त्यामुळे १२ अक्षरांची ओळ आपल्या ३०० कोटी अक्षरांच्या जनुकसंचात केवळ योगायोगानेही पावणेदोनशेच्या आसपास वेळा सापडेल. १८ अक्षरांची ओळ योगायोगाने सापडणं दुर्मीळ. पण म्हणून ३० अक्षरांची करून भागत नाही. ओळ जितकी लांब, तितकं एखादं अक्षर चुकलं तरी बाकीची अक्षरं तिला धरून ठेवतात आणि ती भलत्याच आरएनएवर ठाण मांडते.

हे मी रोज डोळ्यांनी बघते. औषधाची ओळ आणि तिचा जोडीदार एका छोट्या क्युव्हेटमध्ये (पारदर्शक चौकोनी नळीत) घालायचा, हळूहळू तापवायचं आणि २६० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजत राहायचं. जोडी सुटायला लागली की आलेख एकदम वर चढतो. निम्म्या जोड्या सुटतात ते तापमान म्हणजे त्या बंधाची ताकद. मधलं एक अक्षर मुद्दाम चुकवलं की तो चढ कितीतरी आधी येतो. टोकाचं चुकवलं तर जेमतेम सरकतो. योग्य आणि चुकीच्या जोडीतलं हे अंतर मला हवं असतं, नुसती त्या तापमानाची उंची नको.

उंची वाढवणं तसं सोपं आहे. औषधाच्या अक्षरांतल्या साखरेवर मेथॉक्सीएथिल नावाचा छोटा अणुगट लावला की दर अक्षरामागे ते तापमान दीड-दोन अंशांनी वाढतं. उलट अक्षरांना जोडणाऱ्या कण्यातल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक घातलं की पकड जराशी सैलावते, पण त्याने औषध ते तोडणाऱ्या विकरांपासून (एन्झाइम्सपासून) वाचतं. म्हणून दोन्ही लागतात. पकड फार वाढवली, तर अर्धवट जुळणाऱ्या जागाही सुटेनाशा होतात. नुसिनर्सेन कुठलाही आरएनए कापत नाही, फक्त अडवतं, म्हणून तिथे धोका त्यामानाने कमी. पण २०२३ मध्ये मंजूर झालेलं, एएलएसच्या (चेतापेशी मरत जाणाऱ्या आजाराच्या) काही रुग्णांसाठीचं टोफर्सेन घ्या. त्याची मधली अक्षरं साधी डीएनएची ठेवलेली असतात, म्हणजे आरनेझ एच हा विकर येऊन समोरचा आरएनए तोडतो. असं औषध चुकीच्या जागी बसलं, तर चुकीचाच आरएनए तुटतो.

शिवाय कागदावर जुळलं म्हणजे पेशीत बसलं, असंही नाही. आरएनए गुंतलेल्या लोकरीसारखा स्वतःभोवती दुमडलेला असतो, त्यावर प्रथिनं बसलेली असतात. मोकळी जागा कुठली, ते संगणक अंदाजाने सांगतो. शेवटी एकेक जागा सरकत ओळी बनवून पेशींवरच तपासाव्या लागतात. या कामाला पर्याय नाही, आणि मला ते मनापासून आवडतं.

त्या गृहस्थांना एवढं जरूर सांगा, की एसएमएन२च्या प्रती किती आहेत ते डॉक्टरांना विचारा, आणि उपचार ठरवायला उशीर करू नका. मेलेल्या चेतापेशी कोणतंच औषध परत आणत नाही. नुसिनर्सेन मणक्यातून द्यावं लागतं, पहिले चार डोस झाले की पुढे दर चार महिन्यांनी. त्यासाठी इस्पितळाची आणि खर्चाची तयारी त्यांना आधीच करावी लागेल.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू