पावसाचा अंदाज नाल्यांच्या हिशेबात हवा

महोदय,

‘येत्या २४ तासांत १०० मिमी पाऊस’ असा अंदाज आपण छापता. शेतीला आणि धरणांना तो उपयोगी आहे, पण शहरात पाणी कुठे तुंबेल हे त्यावरून कळत नाही. हा पाऊस दिवसभर सारखा पडला तर तासाला जेमतेम ४ मिमी होतो. त्यातला ६० मिमी एका तासात कोसळला तर तीच गटारे ओसंडतात.

एक हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. डांबर-काँक्रीटच्या हेक्टरभर जागेवर तासाला ५० मिमी वेगाने पाऊस पडून त्यातला ९० टक्के वाहिला, तर नाल्यात सेकंदाला १२५ लिटर पाणी उतरते. बागेतून, माती कोरडी असेल तर, याहून फारच कमी वाहते. पण आधी चार दिवस झड लागलेली असेल तर तीच माती पाणी मुरवेनाशी होते, म्हणून मागचा पाऊसही गणितात धरावा लागतो.

दाट वस्तीतल्या लहान पाणलोटात (म्हणजे ज्या भागाचे पाणी एकाच नाल्याकडे वाहते त्यात) दूरच्या टोकाचे पाणी अनेकदा १५ ते ३० मिनिटांत नाल्याच्या तोंडाशी पोहोचते. त्यामुळे अंदाज हवा तो पाणलोटनिहाय आणि ५ ते १५ मिनिटांच्या टप्प्यांत.

त्यासाठी रडार लागते, पण रडार पाऊस थेट मोजत नाही. थेंबांवरून परतलेल्या लहरींवरून ते अनुमान काढते. गारा असल्या तर आकडा फुगतो. म्हणून जमिनीवरच्या पर्जन्यमापकांशी ते सतत ताडावे लागते. तेही निर्दोष नाहीत: पाचोळ्याने नरसाळे तुंबते, आणि मुसळधार सरीत त्यांतले भरले की उलटून पाणी मोजणारे छोटे पात्र उलटत असतानाचे पाणी मोजणीतून निसटते.

रडारवरची सर पुढे सरकवून केलेला अंदाज तास-दोन तास टिकतो, वळिवाच्या ढगांत त्याहूनही कमी. त्यापुढे संगणकीय प्रारूपे येतात. त्यांत सर १० किलोमीटर सरकली की पाणी भलत्याच नाल्यात दिसते. यावर उपाय म्हणजे एकाच आकड्याऐवजी अनेक शक्यता चालवून पाहणे. २० पैकी ६ शक्यतांत नाला भरत असेल, तर पावसाचे जादा पाणी धरून ठेवणाऱ्या साठवण टाक्या आधीच रिकाम्या करायला आमच्या मते तेवढे कारण पुरे. टाकी विनाकारण उपसल्याचा खर्च घरांत पाणी शिरण्यापेक्षा कितीतरी कमी आहे.

अर्थात जाळीवर प्लास्टिक साचले किंवा भरतीने नाल्याचे मुख अडवले, तर पावसाचा आकडा बरोबर येऊनही पातळीचा चुकतो. म्हणून नाल्यांत पातळीमापक बसवावेत आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर अंदाज, पडलेला पाऊस व नाल्याची पातळी हे तिन्ही आकडे महापालिकांनी एकत्र जाहीर करावेत.

– पर्जन्यजल निचरा क्षेत्रातील काही अभियंते