चालती कंपनी सोडून संस्था कशाला?

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "द्यायचे तर पैसे दे, पण चालती कंपनी सोडून संस्था कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इन्फोसिसच्या नंदन निलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले. तो पैसा कामाला लावणारी संस्था तिथे आधीच उभी होती. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरबसल्या धंदा करणाऱ्या बायकांसाठी कोण उभं आहे? अमेरिकेत सायकामोर नेटवर्क्स ही कंपनी काढणाऱ्यांपैकी एक, गुरुराज देशपांडे, मूळचे संकेश्वरचे. त्यांनी हुबळीत संस्था बांधली, तरुणांना कौशल्यं आणि शेतकऱ्यांना शेततळी मिळाली. पुण्यात पर्सिस्टंट या सॉफ्टवेअर कंपनीच्या आनंद देशपांडेंनी छोट्या उद्योजकांसाठी देआसरा फाउंडेशन काढलं. मला त्या वाटेनं जायचंय.

मागच्या खेपेला अशोक चौकाजवळ शेंगाचटणी करणाऱ्या एका मावशींनी मला वही दाखवली. शेंगदाणे, लसूण, तिखट, पिशव्या, रिक्षाभाडं, सगळं तारीखवार लिहिलेलं. स्वतःच्या मजुरीचा रकानाच नव्हता. भाव काढताना त्या स्वतःला धरतच नव्हत्या!

देणगीदारही असंच करतात. मोठ्या कंपन्यांना कायद्यानं तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. त्यातून शिबिराला पैसे सहज मिळतात, शिबिर घेणाऱ्याच्या पगाराचं नाव काढलं की हात आखडतो. आणि कंपनीत ग्राहक नाराज झाला तर सोडून जातो, आपल्याला लगेच कळतं. संस्थेत घेणारा पैसे देत नाही, म्हणून तक्रारही करत नाही. काम फसलंय हे अहवालातल्या फोटोंवरून कळत नाही. त्यासाठी दारोदार जाऊन बसावं लागतं, आणि ते उरल्यासुरल्या वेळात होत नाही.

आई, तुझी काळजी कळते. आमची संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे समाजकामासाठीची कंपनी असेल. तिथे नफा वाटून घेता येत नाही, पण काम करणाऱ्याला पगार देता येतो. माझा आत्ताच्या निम्म्याहून कमी असेल. घराचं कर्ज फिटलंय, पोरांच्या शिक्षणाचे पैसे बाजूला आहेत.

गड्ड्याच्या यात्रेला येतेच आहे. बाबा, कारखान्याच्या जुन्या पगारवह्या माळ्यावरून काढून ठेवाल का? सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांची मजुरी तुम्ही कशी धरत होता, ते तुमच्या शेजारी बसून समजून घ्यायचंय.

तुमची,
सुमा